कोंडवाड्यातली बाभूळशेंग

अवस होती, त्यामुळं वडगावात आवाज नव्हता. एरवी इथला माणूस दातसुद्धा मागांच्या खडखडाटात घासतो, आणि शेजाऱ्याला बरं आहे का विचारायचं तरी ओरडून विचारतो. अवसेला माग बंद. त्या दिवशी चार घरं पलीकडच्या कुकरची शिट्टी ऐकू येते आणि कुणाच्या घरात कोण कुणावर चिडलंय तेही गल्लीला कळतं. अशा शांततेत चिडायचं तर दात आवळूनच चिडावं लागतं, आणि नीलम सकाळपासून तशीच चिडलेली होती.

मधल्या खोलीत जाऊन तिनं कॉम्प्युटरवरचं कापडी झाकण ओढून काढलं, खुर्चीच्या पाठीवर फेकलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. चहाचा कप तोंडाला लावायच्या आत खालच्या कोपऱ्यातून हिरवी ढाल वर आली. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ढाल इंग्रजीत म्हणाली, मुदत संपली, आजच नूतनीकरण करा. ती मिटवायला नीलमनं बाण नेला, तोवर वरच्या कोपऱ्यात निळी छत्री उघडली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक संशयास्पद प्रोग्राम सापडला आहे, छत्री म्हणाली, आणि त्या प्रोग्रामचं नाव म्हणजे ही हिरवी ढालच. ढालीनं लगेच छत्रीला धोकादायक ठरवलं. मग दोघींनी मिळून यंत्राचा असा काही गळा धरला, की बाण जागच्या जागी थिजला आणि आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला.

"शी," नीलम म्हणाली आणि कप खाली ठेवला.

दोन्ही अँटीव्हायरस घराच्या राखणीला म्हणून घेतलेले. आजवर व्हायरस म्हणून काही ह्या यंत्रात आला होता की नाही, हे नीलमला ठाऊक नव्हतं. आला असेल तर बिचारा गपगुमान आपलं काम करून गेला असेल. ह्या दोघी मात्र जायचं नाव घेत नव्हत्या, वर ज्याच्या घरात राहायचं त्यालाच उठताबसता भीती घालत होत्या. तिला त्यांची चीड येत होती, आणि चिडीपेक्षा जास्त किळस.

चीड यायला कारणही तसंच होतं. नीलम ही जोतिरामांची सून. माहेर खासबागचं, तेही विणकराचंच, त्यामुळं धाग्याची सवय जन्मापासूनची. सासरी चार माग होते आणि त्यातल्या एकावर मध्यंतरी जुनी भोकांची पुठ्ठ्याची माळ काढून कॉम्प्युटरवर चालणारं, नक्षीचे धागे उचलणारं जेकार्ड बसवलं होतं. साडीचा काठ कॉम्प्युटरवर चौकटीचौकटीनं काढायचा, पेनड्राईव्हवर घ्यायचा, पेनड्राईव्ह मागाला लावायचा. माग तसा काठ विणतो. हे कॉम्प्युटरचं काम नीलमकडं आलं होतं. पण काम म्हणजे काय, तर व्यापारी मोबाईलवर तयार फाईल पाठवायचा, कुठल्या तरी लांबच्या गिरणीतल्या साडीचा मोर, आणि नीलमनं तो मोर आपल्या काठाच्या रुंदीत बसवायचा. तोच मोर शहापुरात, तोच खासबागेत, तोच इचलकरंजीत. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं उचलून आपल्या ताटात वाढल्यासारखं तिला वाटायचं.

म्हणून तिनं स्वतःचा एक काठ काढला होता. घरामागच्या ओढ्याच्या कडेला बाभळी आहेत. त्यांच्या शेंगा मण्यांच्या माळेसारख्या, एक दाणा, एक खाच, एक दाणा, एक खाच, राखाडी रंगाच्या. आणि मधूनच पिवळं गोंडेदार फूल. काठ व्हायलाच जन्मलेली शेंग, आणि आजवर कुणाला सुचली नव्हती. गेल्या दिवाळीत एका ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, शेपूट उरलं होतं त्यावर जोतिरामांनी तिला वीतभर नमुना विणून दिला. मग तो उलटा करून मागची बाजू पाहिली. फुलामागं धागे लांबच लांब लोंबत होते.

"बांगडीत अडकंल," ते म्हणाले. "जोडव्यात अडकंल. बाई चार पावलं चालली की काठ फराफरा निघंल. न्हाय चालायचं."

आणि तो तुकडा त्यांनी बाजूला टाकला. सासूबाई बायाक्का काही वाया घालवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तो तुकडा इतर उरल्यासुरल्या तुकड्यांना जोडून त्याचं कॉम्प्युटरचं झाकण शिवलं. नीलमनं उन्हाळाभर बसून लोंबणारे धागे मधेमधे बांधून घेतले, फूल बारीक केलं, शेंगेचा बाक सुधारला. जोतिरामांनी पडद्यावर पाहिलं, मान हलवली नाही पण नाकही मुरडलं नाही. म्हणाले, "अवसेच्या दुसऱ्या दिवशी नवा ताणा सांधाय घेणार हाय. काठाचं रंगीत सूत तवाच भरायचं. सकाळी फाईल तयार दिलीस तर तुझी शेंग. न्हाय तर मोर हायच."

आणि एकदा काठाचं सूत भरलं की तो ताणा सरेपर्यंत, म्हणजे पार दसऱ्यापर्यंत, दुसरा काठ नाही. पुढं व्यापारी काय म्हणेल, सासऱ्यांचं मन कुठं वळेल, कुणी सांगावं. शेंगेला हीच एक संधी होती.

आणि ती शेंग परवापासून कोंडवाड्यात होती.

ते असं झालं. हिरव्या ढालीची मुदत संपून बरेच दिवस झाले होते आणि तिची भीक मागणं दिवसेंदिवस वाढत चाललं होतं. काम करताना मधेच पडदा झाकायची. वैतागून नवरा युवराजनं दुसरा अँटीव्हायरस विकत आणला, ही निळी छत्री. परवा दुपारी नीलम तो बसवायला बसली. आता दुसऱ्या कुठल्याही धंद्यातला माणूस काय करील? जुनं आधी काढील आणि मग नवं बसवील. नीलमनं तसं केलं नाही, आणि का केलं नाही ते फक्त विणकराच्या घरातच कळेल.

मागावरचा ताणा संपला की विणकर तो कधी उपसून टाकत नाही. जुन्या धाग्यांची वीतभर टोकं फणीत तशीच ठेवतो. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला गाठ मारून सांधतो आणि मग जुनं हळूच पुढं ओढतो, की त्याच्यामागोमाग नवं फणीतून आपोआप येतं. जुनं आधी काढलं तर हजारो धागे पुन्हा एकेका डोळ्यातून ओवत बसावं लागतं. शिवाय रिकामा माग घरात बरा नसतो, असं जोतिराम म्हणत, त्यांचे वडीलही म्हणत, आणि नीलमच्या माहेरीही म्हणत. जुनं धरून ठेवायचं, नवं त्याला जोडायचं, आणि नवं बसल्यावरच जुनं सोडायचं. हे नीलमला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिच्या बोटांतच होतं. छत्रीनं बसता बसता विचारलं होतं, इथं आधीच एक अँटीव्हायरस आहे, तो काढू का? नीलमनं 'नंतर' दाबलं. हे कुठलं नवशिक्या मजुराचं बोलणं, असंच तिला वाटलं.

छत्री बसली मात्र, आणि मुदत संपून मेल्यासारखी पडलेली ढाल खडबडून जागी झाली. आपण किती कामाच्या आहोत हे दाखवायचं असावं. तिनं अख्खा कॉम्प्युटर चाळून काढला आणि शेंगेच्या सगळ्या फाईली, पक्क्या आणि कच्च्या, उचलून आपल्या कोंडवाड्यात घातल्या. मोकाट गुरं कोंडतात तशा. नीलम घाबरली. पेनड्राईव्हवर एक प्रत होती, ती आहे ना बघावं म्हणून तिनं पेनड्राईव्ह लावला. ढालीनं तिच्या डोळ्यांदेखत तीही नेली.

मग खरा खेळ सुरू झाला. कोंडवाडा उघडायचा तर ढालीचं नूतनीकरण करा. बरं, करू. तर नूतनीकरणाचं पान छत्री उघडू देईना, म्हणे ते पान संशयास्पद आहे. छत्री काढावी, तर ढाल छत्रीच्या फाईली धरून बसलेली. ढाल काढावी, तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की ढाल काढली की कोंडवाड्यातला माल कायमचा नष्ट होईल. दोन दिवस नीलम ह्या फेऱ्यात फिरत होती. भात करपला, कुकर जळला, बायाक्कांनी दोनदा विचारलं की तुझं लक्ष कुठं आहे. आणि आज अवस उजाडली होती.

युवराज आंघोळ करून टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. "अजून त्येच? काढून टाक की ती जुनी."

"बसा हितं. तुम्हीच काढा," नीलम म्हणाली आणि उठली.

युवराज बसला. त्यानं काढायचं बटण दाबलं. ढालीनं विचारलं, तुम्ही आम्हाला का सोडून जाताय? खाली पाच कारणं दिली होती, त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढं जाता येईना. युवराजनं एक निवडलं. मग रडवेला चेहरा आला, डोळ्यांतून थेंब गळणारा. खाली मोठं हिरवं बटण, 'मी थांबतो'. 'तरीही काढा' हे शब्द कुठं आहेत ते शोधायला दोघांना मिळून बराच वेळ लागला. राखाडी पाटीवर राखाडी अक्षरांत, कोपऱ्यात. ते दाबलं तर पासवर्ड मागितला.

"पासवर्ड काय हाय?"

"मला काय म्हाईत. दुकानवाल्या साईनाथनं घातलाय."

"रडतंय काय, बटण लपवतंय काय," युवराज म्हणाला. "ह्याच्यापेक्षा स्टँडवरचा भिकारी बरा. न्हाय म्हटलं की पुढं तरी जातोय."

ढालीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावून झाला. आधी बराच वेळ सनई वाजली, मग एक मुलगी गोड आवाजात हिंदीत बोलली. मॅम, तुमची अडचण मला समजतेय, मॅम, तुम्ही आमचा मोठा प्लॅन घ्या, त्यात कोंडवाड्याची सोय आहे. नीलमनं विचारलं, पैसे भरायचं पानच उघडत नाही तर भरू कशी? मुलगी म्हणाली, मॅम, तुमची अडचण मला समजतेय. नीलमनं फोन ठेवला. त्या मुलीवर राग काढण्यात अर्थ नव्हता. तिला तेवढंच वाक्य दिलेलं असणार, आणि ते दिवसभर म्हणून तिलाही त्याचा वीट आलेला असणार.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा उचलला, जुन्या चादरीत गुंडाळला, आणि युवराजच्या गाडीवर मागं बसून, मांडीवर लेकरू घ्यावं तसा धरून, नीलम खासबागेत साईनाथच्या दुकानात आली. साईनाथ तिच्या माहेरच्या गल्लीतला. कॉम्प्युटर त्यानंच दिलेला, ढालही त्यानंच घातलेली. माहेरचा माणूस म्हणून कुणी जास्त चौकशी केली नव्हती.

"या आक्का," साईनाथ म्हणाला. डबा जोडला, पडद्यावरची मारामारी बघितली आणि खो खो हसला. "दोन कोण घालतंय ओ आक्का? एका म्यानात दोन तलवारी घातल्यासारखं झालं हे. जुनं काढून मग नवं घालायचं असतंय."

चुकलं ते नीलमला कळलं होतं, पण साईनाथच्या तोंडून ऐकायची हौस नव्हती. "पासवर्ड सांग," ती म्हणाली.

साईनाथनं डोकं खाजवलं. त्यानं एक घातला, चुकला. दुसरा घातला, चुकला. "आधी सगळ्यांना एकच घालत हुतो, आक्का. मग गिऱ्हाईकं स्वतःच काढाय लागली, म्हणून बदलला." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तो जरा थांबला. तिसराही चुकला आणि ढालीनं दार लावून घेतलं. उद्या प्रयत्न करा, म्हणाली.

"म्हंजे गिऱ्हाइकानं काढू नये म्हणून कुलूप लावलास," नीलम म्हणाली.

"तसं न्हाय ओ. कंपनीवाले म्हणतात तसं करावं लागतंय." साईनाथनं नजर चुकवली. "फॉरमॅट मारू या. सगळं पुसून कोरं. एका तासात चकाचक. डाटा जाईल, पण घरच्या कॉम्प्युटरात डाटा काय असतंय? लग्नाचे फोटो."

नीलमला त्याचं तोंड बघवेना. फुकटातलं काही तरी गळ्यात मारायचं, त्याला कुलूप लावायचं, किल्ली हरवायची, आणि वर विचारायचं की तुमच्याकडं होतं काय. माहेरचा नसता तर चार गोष्टी सुनावल्या असत्या. माहेरचा होता म्हणूनच जास्त झोंबलं. तिनं चादर उचलली. "कोरं करायचा पेनड्राईव्ह दे. काय दाबायचं ते सांग. घरी विचारून मी करते."

त्यानं दिला, आणि काय काय दाबायचं ते सांगितलं. काठ काढायचा प्रोग्राम परत घालायची सीडी घरात होतीच. गाडी निघताना पाठीमागून ओरडला, "नवीन अँटीव्हायरस घालायचा असंल तर चांगला हाय माझ्याकडं." युवराजनं गाडीचा आवाज वाढवला.

घरी जोतिराम मागापाशी उकिडवे बसून फणीवरची धूळ मऊ ब्रशनं झाडत होते. अवसेला माग बंद असला तरी त्यांचा हात बंद नसतो. संपलेल्या ताण्याची टोकं फणीतून वीतभर बाहेर आलेली होती, उद्याच्या सांधणीची वाट बघत. नीलमनं डबा खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. लपवून उपयोग नव्हता. फाईल गेलीय, परत मिळायचं लक्षण नाही, आणि चूक माझीच.

"तुझी काय चूक?"

"जुनं न काढताच नवं बसवलं, आप्पा."

जोतिरामांनी ब्रश थांबवला. "मग बरोबरच की. आणि कसं बसवत्यात?"

चुलीपाशी बसलेल्या बायाक्काही म्हणाल्या, "आधी काढून टाकलं असतंस तर मी बोलले असते."

नीलमला त्याही अवस्थेत हसू फुटलं. ज्या चुकीवर साईनाथ खो खो हसला, ती चूक आहे हे पटवायला ह्या घरात एकही माणूस मिळाला नसता. पण हसणं लगेच आटलं. उद्या सकाळी काठाचं सूत भरायचं होतं, आणि खुंटीला मोराच्या निळ्या सुताच्या लडी आधीच टांगलेल्या दिसत होत्या. म्हणजे आप्पांनी तयारी ठेवली होती.

"काय म्हणतंय ते यंत्र, दाखव बघू," जोतिराम म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. कॉम्प्युटरसमोर ते कधी बसत नसत. आज बसले. नीलमनं डबा जोडला, ढाल आली, छत्री आली, पंखा ओरडायला लागला. जोतिरामांनी आपला चष्मा सारखा केला आणि कुणी परकी माणसं घरात येऊन भांडत असावीत तशा नजरेनं दोघींकडं बघत राहिले. नीलमनं कसाबसा बाण ढालीच्या यादीपर्यंत नेला. यादीत शेंगेपुढं लाल खूण होती. मोरापुढं हिरवी.

"हे काय लिवलंय?"

"लाल म्हंजे धोका. हिरवं म्हंजे काय भ्या न्हाय."

"मोर हिरवा? तो तर कुठनं कुठनं फिरून मोबाईलवर येतोय. आणि घरात काढलेली शेंग लाल? का म्हणून?"

नीलमनं लाल खुणेवर दाबलं. बारीक अक्षरांत कारण आलं. परवापासून तिनं ते वाचलंच नव्हतं. धोका ह्या शब्दावरच तिची नजर अडकून राहिली होती. आता ती वाचत गेली आणि आप्पांना सांगत गेली. "म्हणतंय, ही फाईल ओळखीची न्हाय. दुसऱ्या कुणाच्याच कॉम्प्युटरवर, जगात कुठंच, अशी बघितलेली न्हाय. म्हणून धोकादायक."

"आणि मोर?"

तिनं हिरव्या खुणेवर दाबलं. "मोर लई ठिकाणी बघितलाय म्हणे. ओळखीचा हाय. म्हणून चालतंय."

जोतिरामांनी चष्मा काढला आणि तोंडात काही कडू आल्यासारखं तोंड केलं. नीलमला वाटलं, आता म्हणणार, जाऊ दे, मोर चढवू.

"जगात कुठंच न्हाय म्हणतंय," ते म्हणाले. "आन् मी त्यासाठी निळं सूत काढून ठेवलंय." ते मागं टांगलेल्या लडींकडं बघत होते, आणि त्यांना ढालीची शिसारी आली होती की स्वतःची, हे नीलमला सांगता आलं नसतं. "माझ्या आज्जाचा काठ असाच हुता, दुसरीकडं कुठं न्हाय असला. त्येला लोक बघाय येत हुते. कोंडवाड्यात घालत न्हव्हते."

"आप्पा, पण फाईल गेली. ही ढाल काढली की कोंडवाडा पण जातो. काढायची तरी पासवर्ड न्हाय. सगळंच पुसून टाकायचं एवढंच ऱ्हायलंय."

"सगळं म्हंजे?"

"सगळंच. पार रिकामं."

रिकामं हा शब्द जोतिरामांना टोचला, ते तिला दिसलं. त्यांनी सवयीनं मागाकडं पाहिलं, फणीतून लोंबणाऱ्या जुन्या टोकांकडं. नीलमला महापुराचं साल आठवलं. घरात गुडघाभर पाणी होतं, ताण्याला बुरशी आली होती आणि धागा हातात घेतला की पिठासारखा तुटत होता. शेजारचे म्हणत होते, टोकं तरी ठेवा. जोतिरामांनी कातर मागवली आणि सगळा ताणा स्वतःच्या हातानं कापून टाकला होता. दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"म्हापुराच्या वर्षी तुम्हीच कातर लावलासा, आप्पा," ती हळूच म्हणाली. "कुजलेल्याला कशाला सांधायचं म्हणालासा."

जोतिरामांनी तिच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं, जिथं तो रडवेला चेहरा आता कुणी न बोलावताच पुन्हा वर येऊन थेंब गाळत होता.

"व्हय," ते म्हणाले. "कुजलंय हे. लाव कातर."

नीलमनं साईनाथचा पेनड्राईव्ह लावला. सगळं पुसलं जाईल, नक्की ना, असं यंत्रानं विचारलं. तिनं व्हय दाबलं. बोट उचलताना तिला जसं गार, बरं वाटलं, तसं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ढाल गेली, छत्री गेली, रडणारा चेहरा गेला. पंखा शांत झाला, आणि अवसेची ती शांतता पहिल्यांदाच घरात आली. शेंगही गेली.

मागं काही तरी टर्रकन उसवल्याचा आवाज आला. जोतिरामांनी खुर्चीच्या पाठीवरचं झाकण घेतलं होतं आणि ते दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं. मधोमध, मोराच्या आणि कुयरीच्या तुकड्यांत शिवलेला, वीतभर बाभळीच्या शेंगांचा तो दिवाळीतला नमुना. इतके दिवस नीलम रोज सकाळी तो ओढून खुर्चीवर फेकत आली होती.

"अहो, माझं झाकण," बायाक्का म्हणाल्या.

"उसव."

बायाक्का पुटपुटत ब्लेड घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतःची शिवण स्वतःच उसवली. जोतिरामांनी धागे मोजायचं भिंग फळीवरून काढलं. तुकडा उलटा पालटा करून मांडीवर नीट पसरला, भिंग टेकवलं आणि डोळा लावला. "उद्या सांधणी सुरू हुईल. सगळे धागे सांधून व्हायला चार बाया लागल्या तरी दोन दिस जाणार. काठाचं रंगीत सूत शेवटी भरू. तवर तुझं व्हईल का?"

नीलमनं पाठकोरे कागद घेतले, चौकटी आखल्या. "व्हईल."

"लिव मग. दोन वर, एक खाली. एक वर, तीन खाली. तीन वर..."

ते वाचत गेले, ती भरत गेली. त्यांचा आवाज एकसुरी होता, नाव घेत जप करावा तसा. शेंगेचा पहिला दाणा झाला, खाच झाली, दुसरा दाणा झाला. आपण काढलेली शेंग सासऱ्यांच्या तोंडून धाग्याधाग्यानं परत येत होती, आणि नीलम चौकटीचं एकही घर न चुकवता ती कागदावर उतरवत होती. मग फूल आलं. जोतिराम थांबले.

"हितं सात धागं मोकळं सुटलंय. बांगडीत अडकणार."

"ते मी बदललंय, आप्पा. ध्यानात हाय. मधे एक, मग परत मधे एक बांधून घेतलंय."

"कुठं कुठं?"

तिनं तोंडानं सांगितलं, आठवणीतून, न अडखळता. जोतिरामांनी भिंग न उचलता मान हलवली. उन्हाळ्यापासून ही मान पहिल्यांदाच हलत होती.

"युवराज," त्यांनी आवाज दिला. "निळं ठेव परत. पिवळं काढ. आणि राखाडी."

तेवढ्यात कोरं झालेलं यंत्र उघडलं. नवा पडदा, रिकामा, निळसर. नीलमला वाटलं आता कोपऱ्यातून कोण येतंय कोण जाणे, आणि आलंच. हा प्रोग्राम यंत्राबरोबर आलेला, कुणी न मागितलेला. खालून एक लहान पाटी वर सरकली.

"आता काय म्हणतंय?" जोतिरामांनी विचारलं.

"राखणीला कुणी न्हाय म्हणतंय. धोका हाय म्हणतंय."

"म्हणू दे," जोतिराम म्हणाले आणि डोळा पुन्हा भिंगाला लावला. "तीन वर, एक खाली."

नीलमनं हात लांब करून नेटची वायर उपसून टाकली, आणि पुढचं घर भरलं.